वेलिंकरांच्या नावाने विकला जाणारा फोटो: संग्राहकांनो, सावध राहा

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांचे फोटो, सह्या, पोस्टकार्डं जमवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ‘लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर, मुंबईचा विसरला गेलेला एस’ अशा नावाने एक सहीचा फोटो विकला जातो आहे (एस म्हणजे बरीच शत्रुविमानं पाडलेला वैमानिक). तो माणूस वेलिंकर नाही. त्या फोटोपायी माझे १८,००० रुपये गेले.

वेलिंकर आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत, आणि विकणाऱ्याचं सगळं भांडवल तेच आहे. त्या युद्धात ब्रिटिश विमानदलातून उडालेल्या हिंदी वैमानिकांत चार नावं प्रामुख्याने घेतली जातात: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि वेलिंकर. मलिकांना आधी दारातूनच परत पाठवलं होतं. ते फ्रेंच विमानदलाकडे वळले, तेव्हा ऑक्सफर्डच्या त्यांच्या शिक्षकांनी वर शब्द टाकला आणि मग त्यांना घेतलं. सेन शत्रूच्या हाती लागून युद्धकैदी झाले. रॉय यांच्या नावावर जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विजय लागले, आणि २२ जुलैला ते मारले गेले. वय अवघं १९. वेलिंकर मुंबईहून केंब्रिजला शिकायला गेलेले. २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवत. जून १९१८ च्या अखेरीस एका गस्तीवरून ते परतले नाहीत. फ्रान्समध्ये हँगार्डला त्यांची कबर आहे.

पाच किंवा जास्त शत्रुविमानं पाडणारा तो एस, असा त्या काळापासूनचा हिशेब. त्यात बसणारे हिंदी वैमानिक एकटे रॉय. विक्रेत्याचं म्हणणं मात्र असं, की वेलिंकरांनीही पाच पाडली होती, पण हिंदी माणसाचं नाव इंग्रजांनी दाबलं. हे लगेच पटतं, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. हिंदी तरुणांना वैमानिक होऊ द्यायला सरकार नाखूश होतं. शिवाय ब्रिटिशांनी ‘एस’ हा किताब अधिकृतपणे कधी दिलाच नाही. आज ज्या याद्या दिसतात त्या पुढे अभ्यासकांनी लढाईचे अहवाल चाळून तयार केल्या. तेव्हा ‘यादीत नाव नाही’ याला त्याच्याकडे उत्तर तयारच असतं.

या विक्रेत्याशी माझी ओळख झाली ती जुनी नाणी-तिकिटं विकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. बोलणं अत्यंत अदबीचं, मराठी शुद्ध. फोटोबरोबर सत्यतेचं प्रमाणपत्र आणि पाच विजयांची टंकलिखित यादी. पैसे आधी यूपीआयने, मग रजिस्टर पोस्टाने पाकीट. ते पाकीट पुण्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखवलं, तेव्हा त्यांनी भिंग घेतलं आणि चेहऱ्याकडे न बघता थेट छातीवरची रिबीन पाहिली.

ती रिबीन डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसची आहे. हे पदक सुरू झालं ३ जून १९१८ ला. सुरुवातीला त्याच्या रिबिनीवर पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्या आडव्या होत्या. तिरप्या झाल्या त्या १९१९ मध्ये. फोटोतल्या पट्ट्या स्वच्छ तिरप्या आहेत. म्हणजे तो माणूस युद्ध संपल्यावर जिवंत होता, आणि वेलिंकर तर १९१८ च्या जूनमध्येच गेले. रॉय यांनासुद्धा हे पदक मरणोत्तर, सप्टेंबर १९१८ मध्ये जाहीर झालं. त्यामुळे रॉय यांचा ‘पदकासह’ फोटो कुणी दाखवला तर तोही खोटाच समजा.

प्रमाणपत्रावर हुद्दा ‘फ्लाइंग ऑफिसर’ असा लिहिला आहे. विमानदलात हा हुद्दा आला ऑगस्ट १९१९ मध्ये. तोवर लेफ्टनंट, कॅप्टन हे सैन्यातलेच हुद्दे चालत.

विजयांच्या यादीने तर उरलीसुरली शंका फेडली. त्यात फेब्रुवारी १९१८ मध्ये फोकर डी-सात हे जर्मन लढाऊ विमान पाडल्याची नोंद आहे. ते विमान आघाडीवर आलं त्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या सुमारास. मागे उभं असलेलं विमानही डॉल्फिन नाही. डॉल्फिन ओळखायला सोपं: वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकलेला, आणि पाण्याने थंड होणारं इंजिन. फोटोत दिसतं ते गोल रोटरी इंजिनाचं विमान आहे, बहुधा सॉपविथचंच कॅमल.

‘पण चेहरा तर हिंदी दिसतो ना?’ हा प्रश्न मलाही विचारला गेला. त्या काळच्या फोटोच्या बहुतेक काचेच्या प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. उन्हावाऱ्यात रापलेला गोरा चेहराही त्यांवर सावळा उमटतो. सावळेपणावरून वंश ठरवणं हा या व्यवहारातला सगळ्यात मोठा सापळा आहे, आणि आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीच तो लावलेला असतो.

शेवटी तो कागद नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला. निळसर पांढरा उजळला. फोटोच्या कागदात ती चमक आणणारं रसायन साधारण १९५० नंतर आलं. एखाद्या जुन्या फोटोची ती अलीकडची प्रत आहे, कडा चहाच्या पाण्यात पिवळ्या केलेल्या.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढे. कोलकात्याच्या एका संग्राहकांकडे हाच चेहरा, कोपऱ्यावर हीच घडी, फक्त खाली सही इंद्रलाल रॉय यांची. मराठी माणसाला वेलिंकर, बंगाली माणसाला रॉय. फोटोतला तो कोण, हे आता कुणी शोधणारही नाही. त्याचंही नाव या माणसाने पुसलं. आणि वेलिंकरांना न मिळवलेले पाच विजय चिकटवून त्यांची खरी कामगिरी झाकून टाकली. परक्या आकाशात, परक्या गणवेशात, मुंबईचा एक मुलगा लढता लढता गेला. एवढं पुरेसं नव्हतं का?

१९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे. मला उशीर झाला होता, पैसे खात्यातून निघून गेले होते. पैसे पाठवल्यावर संशय आला तर त्याच तासात फोन करा, म्हणजे रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

खरेदीआधी तपासायला पैसे लागत नाहीत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर मृत्यूची तारीख आणि स्क्वाड्रन मिळतं. लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या जुन्या अंकांत पदक जाहीर झाल्याची तारीख मिळते. विक्रेत्याकडे आधी फोटोच्या मागच्या बाजूचं चित्र मागा. माझ्याकडून पैसे येईपर्यंत त्याने ते टाळलं होतं.

फोटोची खूण अशी: पोस्टकार्डाएवढा, उजव्या खालच्या कोपऱ्यात आडवी घडी, मागे जांभळ्या शाईचा अर्धवट शिक्का ज्यातली अक्षरं वाचता येत नाहीत, सही काळ्या शाईत डावीकडून वर चढणारी. हा फोटो कुठल्याही नावाने समोर आला तर घेऊ नका, आणि विकणाऱ्याचा नंबर व पैसे पाठवायचा आयडी जपून ठेवून पोलिसांना द्या.