पकड मोजायचं यंत्र : आठ महिन्यांनंतर

बाबांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू निकामी होतात आणि स्नायू झिजत जातात. धंतोलीतल्या न्यूरोलॉजिस्टांच्या प्रत्येक कागदावर उजव्या हातापुढे ४ लिहिलेलं असायचं. हाताने दाबून ताकद जोखायची ती ० ते ५ ची पट्टी, ५ म्हणजे पूर्ण ताकद. पण त्या चारच्या पोटात बरीच घसरण मावते. घरी भरला तांब्या उचलेनासा झाला, तरी कागदावर ४च. म्हणून ऑगस्टमध्ये मुठीच्या पकडीचा जोर किलोत मोजणारा डिजिटल डायनॅमोमीटर घेतला.

खुर्चीत बसायचं, कोपर अंगालगत काटकोनात, प्रत्येक हाताने तीनदा दाबायचं, मधे मिनिटभर विसावा. मोठा आकडा वहीत. आधी मी रोज मोजायची. बाबा रोज कालच्या आकड्याशी झुंजायचे आणि थकून जायचे. आता महिन्यातून एकदाच, रविवारी नाश्त्यानंतर. डिसेंबरच्या थंडीत आकडा एकदम पडला. हात गारठले होते. कोमट पाण्यात धरून पुन्हा मोजलं तर दीड किलो वर. ऑगस्टमध्ये २२.४ किलो होते, एप्रिलमध्ये १५.१. ही वही बघून डॉक्टरांनी पहिल्यांदा घसरणीच्या वेगाबद्दल नीट बोलणं केलं.

एक गोष्ट मात्र फार लागली. किलो-पाउंड बदलायचं बटण सुरू करायच्या बटणाला अगदी चिकटून आहे. जानेवारीत ते दाबलं गेलं आणि पडद्यावर ३५ आले. आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. ते पाउंड आहेत, म्हणजे १६ किलोच, हे तिला मलाच सांगावं लागलं. मोजण्याआधी एकक बघाच.

आणि यंत्राला अंगठा कळत नाही. या आजारात अनेकदा अंगठ्याकडचे स्नायू करंगळीकडच्यांच्या आधी झिजतात. मूठ आवळायला मात्र मुख्यतः कोपराखालचे स्नायू लागतात. म्हणून यंत्र १८ दाखवत होतं तेव्हाच बाबांना गोदरेजच्या कपाटाची किल्ली फिरवता येत नव्हती. चिमटीचा जोर मोजणारं यंत्र वेगळं मिळतं, आमच्याकडे नाही. मी वहीत किल्ली आणि सदऱ्याची बटणं असे दोन रकाने आखले आहेत.

या आजारात श्वासाचे स्नायूही कमजोर होतात, पण पकडीवरून श्वासाचा अंदाज बांधू नका, ती तपासणी दवाखान्यातच करायची. आणि घेण्याआधी यंत्र रुग्णाच्याच हातात देऊन बघा. आमचं आता बाबांना जड होतं, मी खालून तळहात लावते.