सातशे एमबीतला संसार: पोर्टिअसच्या 'ऑप्शनल' फोल्डरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या वाचनालयात सहा म्हातारे संगणक आहेत. हार्डडिस्का कधीच गेल्या, यूएसबीवरून बूट होत नाहीत, सीडी ड्राइव्ह तेवढे शाबूत. त्यामुळे जे काही द्यायचं ते एका सीडीच्या ७०० एमबीत. स्लॅकवेअर या जुन्या लिनक्सवर उभं असलेलं पोर्टिअस, म्हणजे थेट सीडीवरून चालणारं छोटं लिनक्स, घेतलं ते त्याच्या मॉड्यूलांसाठी, म्हणजे हवे ते प्रोग्रॅम सुटे सुटे जोडता यावेत म्हणून.

'बेस' आणि 'मॉड्यूल्स' या फोल्डरांतलं सगळं बूट होताना आपोआप चढतं, 'ऑप्शनल'मधलं मागितलं तरच. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे एक एक्सझेडएम फाइल, आत स्क्वॉशएफएस, म्हणजे आवळून बांधलेली, फक्त वाचता येणारी फाइल-प्रणाली. ती आधी पूर्ण उलगडून कुठे ठेवली जात नाही. नुसती माउंट होते, म्हणजे फोल्डरसारखी जोडली जाते, आणि एयूएफएस ही थर जोडणारी फाइल-प्रणाली असे थर एकावर एक रचते. एकाच नावाची फाइल दोन थरांत असली तर वरची दिसते, खालची झाकली जाते.

या शेवटच्या वाक्याने माझे दोन रविवार खाल्ले. लिबरऑफिस बसवलं आणि बदललेल्या फाइलींचा थर जसाच्या तसा मॉड्यूलमध्ये कोंबला. दुसऱ्या दिवशी मराठी टंकलेखन बंद! मराठी टंकायची सोय देणारा आयबस चालू, फाँट जागेवर, अक्षर मात्र उमटेना. त्या थरासोबत जीटीकेची (खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीची) 'इम्मॉड्यूल्स डॉट कॅश', म्हणजे टंकलेखन-पद्धतींची यादी, आली होती, आयबस बसवण्याआधीची. तिने खालची नवी यादी झाकली. तेव्हापासून मॉड्यूल बांधण्याआधी कॅश, लॉग, तात्पुरत्या फाइली हाताने काढतो. एमआयएमईच्या, म्हणजे कोणती फाइल कोणत्या प्रकारची हे सांगणाऱ्या कॅशचंही तेच.

जागा वाचवण्याच्या नादात मी एकदा लोकेल फोल्डर (प्रोग्रॅमांची भाषांतरं असतात ते) इंग्रजी सोडून साफ केलं. त्यात आपली 'एमआर', म्हणजे मराठीही गेली आणि मेनू इंग्रजीत आले. वाचकांपैकी एका आजोबांनी विचारलं, "मराठी काढली का हो?" काय सांगणार!

कॉम्प्रेशनबद्दल थोडक्यात: एक्सझेड या पद्धतीने फाइल जास्त लहान होते, पण जुना प्रोसेसर उलगडताना धापा टाकतो. ब्लॉक, म्हणजे एका वेळी आवळायचा तुकडा, १ एमबीचा ठेवला तर आणखी थोडी जागा वाचते, पण चार केबी हवे असले तरी अख्खा ब्लॉक उलगडावा लागतो. मी २५६ केबीवर थांबलो.

तक्रारी दोन. मॉड्यूल चढवताना त्याला लागणारी लायब्ररी हजर आहे का, हे कोणी तपासत नाही. टायनी कोअर या दुसऱ्या छोट्या लिनक्समध्ये ज्या टीसीझेडला (तिथल्या मॉड्यूलला) इतर काही लागतं, त्यासोबत अवलंबित्वांची यादी असते. इथे एलडीडी ही लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा चालवून मीच 'नॉट फाउंड' शोधत बसतो. दुसरी, 'कॉपी-टू-रॅम'ने, म्हणजे चढलेलं सगळं मेमरीत उतरवून बूट करून सीडी काढली की 'ऑप्शनल'मधलं न मागितलेलं सगळं सीडीबरोबर जातं. ग्रंथपालबाईंना हे तीनदा समजावलं. शेवटी ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवली: 'सीडी काढू नये.'

परवा नवी सीडी लिहिली. देवनागरी फाँट आणि आयबस आता 'मॉड्यूल्स'मध्ये, कारण ते रोज सगळ्यांना लागतात. लिबरऑफिस 'ऑप्शनल'मध्येच. चित्रं संपादायच्या जिम्पला मात्र या वेळीही जागा झाली नाही.