सीव्हीआयसीयू की मेडिकल आयसीयू? सीआरएनएला अर्ज करण्याआधी कुठे काम करावं

अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट (सीआरएनए, म्हणजे ऑपरेशनसाठी भूल देणारी नर्स) व्हायचं ठरवलेली आपली मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन फोन करतात. त्या कोर्सला प्रवेश घ्यायचा तर आधी आयसीयूत काम केलेलं लागतं. एनक्लेक्स, म्हणजे तिथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, झालेली असते, हातात दोन ऑफर असतात, एक कार्डिओव्हॅस्क्युलर आयसीयूची (सीव्हीआयसीयू किंवा नुसतं सीव्ही, हृदयाच्या पेशंटची) आणि दुसरी मेडिकलची. जो भेटेल तो सांगतो, डोळे झाकून सीव्ही घे. मी दोन्हीकडे काम केलंय, आधी सव्वा वर्ष सीव्हीत आणि मग दोन वर्षं मेडिकलमध्ये. प्रवेश मिळाला तो मेडिकलमध्ये असताना. तेव्हा माझं मत कुठे झुकणार ते उघड आहे, तरी दोन्ही बाजू मांडतो.

सीव्हीची बाजू खरंच भक्कम आहे. हृदयातले दाब मोजणारी स्वान-गान्झ नळी, हृदयाला आधार देणारे बलून पंप आणि इम्पेला, मोठ्या ठिकाणी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं एक्मो. हृदयाचं गणित तिथे जितकं पक्कं होतं तितकं मेडिकलमध्ये होत नाही. शिवाय ओपन हार्टचा पेशंट ओआरमधून (ऑपरेशन थिएटरमधून) थेट येतो, तेव्हा त्याला घेऊन येणाऱ्या ॲनेस्थेशियाच्या माणसाशी रोज बोलणं होतं. शॅडोइंग, म्हणजे त्यांच्यासोबत राहून काम पाहायची संधी, मागायची वेळ आली की ही ओळख कामी येते. मेडिकलमध्ये असताना मला चार ठिकाणी विचारून, सुट्टीच्या दिवशी जाऊन ती ओळख करून घ्यावी लागली.

माझं गाडं अडलं ते एका यादीपाशी. ‘फ्रेश हार्ट’, म्हणजे ऑपरेशन होऊन नुकताच आलेला पेशंट, सांभाळायला आमच्या युनिटमध्ये वेगळं ट्रेनिंग लागायचं आणि नंबर सीनियॉरिटीने लागायचा. मी रुजू झालो तेव्हा माझ्यापुढे सात जण होते. चार महिन्यांनी पाच राहिले, मग दुसऱ्या युनिटमधून एक जुनी नर्स आली आणि पुन्हा सहा झाले. तोवर माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे पेशंट. श्वासाची ट्यूब निघालेली, ड्रिप बंद झालेले, खुर्चीत बसवा, कॉरिडॉरमध्ये चालवा, स्पायरोमीटर ओढायला लावा. ही कामं हलकी नाहीत, पेशंट त्यानेच बरा होतो. पण ज्या तयारीसाठी मी तिथे गेलो होतो ती शेजारच्या खोलीत चालली होती.

एका रात्री पहाटे तीनच्या सुमारास त्या खोलीतल्या पेशंटच्या चेस्ट ट्यूबमध्ये (छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत) रक्त झपाट्याने वाढायला लागलं. मी मदतीला धावलो. ‘ब्लड बँकेतून पिशव्या आण,’ एवढंच मला सांगितलं गेलं, आणि त्या क्षणी ते बरोबरच होतं. पिशव्या घेऊन परत आलो तोवर काय करायचं ते ठरून गेलं होतं. सर्जन निघाले होते, पेशंटला परत ओआरमध्ये न्यायची तयारी सुरू होती. ते सगळं कुणी कसं ठरवलं, हे मला दुसऱ्या दिवशी विचारून घ्यावं लागलं.

पहिल्या मुलाखतीत प्रश्न आला, ‘तुम्ही सांभाळलेला सगळ्यात गंभीर पेशंट कोणता?’ मी हीच गोष्ट सांगितली. तिसऱ्या उपप्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरलं नाही, कारण निर्णय माझे नव्हतेच. प्रवेश मिळाला नाही.

मेडिकलमध्ये गेलो आणि दुसऱ्याच महिन्यात एआरडीएसचा, म्हणजे फुफ्फुसं गंभीर निकामी झालेला पेशंट माझ्याकडे आला. पालथा घातलेला, रक्तदाब टिकवायला नॉरएपिनेफ्रिन आणि व्हॅसोप्रेसिन चालू, सिसॲट्राक्युरियमने स्नायू सैल केलेले. त्या औषधाचा असर किती ते पाहायला मनगटाशी अल्नर नर्व्हवर दोन इलेक्ट्रोड लावायचे, चार झटके द्यायचे आणि अंगठा किती वेळा हलतो ते मोजायचं. मध्यरात्रीनंतर अंगठा हलेना. हाताला सूज आलेली. आता हे औषध जास्त झालंय, की सुजेमुळे झटका नर्व्हपर्यंत पोचतच नाहीये? औषध सुरू करायच्या आधी याच तपासणीत काय दिसलं ते (बेसलाइन) मी लिहून ठेवलं होतं, ते काढलं, चेहऱ्याच्या नर्व्हवर तपासलं, डॉक्टरांना उठवलं. पुढच्या मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा तिघांचं पॅनेल त्या अंगठ्यावरच वीस मिनिटं बोलत राहिलं. ॲनेस्थेशियात हा अंगठा रोजच पाहावा लागतो.

मेडिकलचे त्रास वेगळे. महिनोन्‌महिने व्हेंटिलेटरवर असलेले पेशंट, दारू सुटताना हात उगारणारे पेशंट, ‘सगळं करा’ म्हणणारं घर आणि काही होणार नाही हे दिसत असलेले आपण. काही रात्री घरी येऊन झोप लागत नाही. ज्याला हे सोसणार नाही त्याने सीव्हीच घ्यावी, तिथे बहुतेक पेशंट बरे होऊन जातात.

नियमांचं म्हणाल तर कोर्सना मान्यता देणारी कौन्सिल युनिटचं नाव विचारत नाही. किमान एक वर्ष पूर्णवेळ क्रिटिकल केअर हवं, आणि तिथे इन्व्हेझिव्ह मॉनिटर (रक्तवाहिनीत नळी घालून दाब मोजणारे), व्हेंटिलेटर, व्हॅसोॲक्टिव्ह ड्रिप (रक्तदाब सांभाळणाऱ्या औषधांचे), हृदयाला आधार देणारी यंत्रं यांपैकी काही ना काही नेहमी सांभाळलेलं हवं. हे वर्ष अमेरिकेतलंच धरतात. दुबई-मस्कतला दहा वर्षं आयसीयू केलेल्यांना हे उशिरा कळतं आणि फार लागतं. सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठीचे दोन वर्षांतले 1,750 तास दोन्ही युनिटमध्ये सारखेच भरतात. आपल्या बीएस्सी नर्सिंगच्या मार्कशीटवर केमिस्ट्री वेगळा विषय म्हणून दिसत नाही म्हणून मला कम्युनिटी कॉलेजात तो पुन्हा करावा लागला. युनिट कुठलंही घ्या, हे काम पहिल्या वर्षातच उरकून टाका. कोर्स 36 महिन्यांचा आणि डॉक्टरेटचा आहे, एकदा आत गेलं की नोकरीला वेळ उरत नाही.

सीव्हीची ऑफर असेल तर सही करण्याआधी मॅनेजरला एवढंच विचारा: ‘नव्या नर्सला पहिला फ्रेश हार्ट किती महिन्यांनी मिळतो, आणि आत्ता यादीत किती जण आहेत?’ सहा महिन्यांच्या आत म्हणाले तर घ्या, मीही घेईन. ‘ते बघू पुढे’ असं उत्तर आलं, तर मी मेडिकलला हो म्हणेन.