चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स: खान्देशच्या उन्हात निवड करताना

दूरचे दिसण्यासाठी उणे नंबरचा चष्मा लावणाऱ्या आणि लेन्स घ्यावी की नाही या विचारात असलेल्या माणसाला दोन्ही बाजू सांगाव्यात, एवढाच येथे हेतू आहे. अनेक वर्षे चष्मा वापरून मग मी लेन्सकडे वळलो, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असे म्हणता येणार नाही.

नंबर लहान असेल तर दोहोंतून दिसण्यात फारसा फरक जाणवत नाही, मोठा असेल तर मात्र जाणवतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि उणे नंबरच्या काचेतून वस्तू मूळ आकारापेक्षा लहान दिसतात. लेन्स थेट कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर बसते, म्हणून उणे ५ चा चष्मा असणाऱ्याला लेन्स बहुधा उणे ४.७५ ची लागते. सुरुवातीला जमीन किंचित जवळ आल्यासारखी वाटते आणि जिना उतरताना पाय जपून टाकावा लागतो, पण मेंदू हे लवकर सावरून घेतो. नसलेली फ्रेम बोटाने वर सरकवण्याची सवय जायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो.

माझा निर्णय झाला तो घामामुळे. रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेत माल कापताना माणूस दिवसभर वाकलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि पाणी दिलेल्या बागेत वाराही फिरत नाही. अशा वेळी चष्मा नाकावरून घसरत नाकाच्या शेंड्यावर येतो, भुवईवरून ओघळलेला घामाचा थेंब काचेच्या आतल्या बाजूला पडतो आणि वाळला की मिठाचा पांढुरका डाग ठेवून जातो. चष्मा वर करावा, तर दोन्ही हात केळीच्या चिकाने माखलेले. हा चीक कपड्यावर पडला की त्याचा काळपट डाग धुऊनही जात नाही, मग काचेला लागला तर काय होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. मनगटाने, दंडाने, कधी खांद्याने चष्मा वर ढकलत काम करायचे आणि घडाचा दांडा नेमका कुठे कापायचा ते अर्धवट काचेतून व अर्धवट काचेवरून पाहायचे. मागे दोरी बांधून पाहिली. चष्मा पडायचा थांबला, घसरायचा थांबला नाही. कचेरीत बसून काम करणाऱ्याला ही अडचण क्षुल्लक वाटेल आणि त्याच्यापुरती ती असेलही. मला मात्र लेन्स लावल्यावर सर्वांत आधी जाणवली ती नाकाची सुटका.

आता चष्म्याच्या बाजूने बोलणे भाग आहे. मऊ लेन्समध्ये पाण्याचा अंश असतो आणि दुपारच्या झळांत, विशेषतः मोटारसायकलवर हेल्मेटची काच वर ठेवून गेल्यास, ती कोरडी पडून डोळ्याला चिकटल्यासारखी होते. शिवाय धुळीचा कण लेन्सखाली गेला, तर हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय काहीच करता येत नाही. चष्म्याला कधी डोळ्यात बोट घालावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. यावर माझा उपाय म्हणजे वरून बिननंबरचा साधा गॉगल. तो चष्म्यावर लावता येत नाही, लेन्सवर येतो; उन्हाचा आणि धुळीचा बराचसा प्रश्न तेथेच सुटतो. डोळे मुळातच कोरडे असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला न गेलेले बरे.

लेन्समध्येही रोज टाकून देण्याची आणि महिनाभर वापरायची असे प्रकार आहेत. महिन्याची स्वस्त पडते, पण लेन्स ठेवायची डबी आणि ती धुवायचे सोल्यूशन सांभाळावे लागते आणि महिना मोजायचा तो पाकीट फोडल्या दिवसापासून, मधले दिवस लावली नाही तरी. लेन्स नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने कधीही धुवू नये, कारण त्या पाण्यातील अमीबासारखे जंतू कॉर्नियाला गंभीर इजा करू शकतात. त्याच कारणाने उनपदेवच्या गरम कुंडात उतरण्यापूर्वी ती काढून ठेवावी. आमच्यासारख्या धुळीच्या कामात रोजची लेन्स मला सोयीची वाटते: संध्याकाळी काढली, टाकली, विषय संपला. लावताना ती बोटाच्या टोकावर ठेवून उजेडात पाहावी. कड वाटीसारखी सरळ वर आली तर बाजू बरोबर, ताटलीसारखी बाहेर पसरली तर उलटी.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. उणे नंबरवाला माणूस चष्मा काढून हिशेबाची वही आरामात वाचतो. लेन्स लावल्यावर ही सवलत जाते आणि जवळचे वाचायला वेगळा चष्मा खिशात ठेवावा लागतो. ज्यांचे निम्मे काम कागदावरचे आहे, त्यांनी चष्माच ठेवला तर मी त्यांना आग्रह करणार नाही.

खर्चात चष्मा निर्विवाद स्वस्त आहे. आणि लेन्स घेतली तरी चालू नंबरचा चष्मा घरात हवाच, कारण डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईनासा झाला की लेन्स त्याच क्षणी काढून डॉक्टर गाठावे लागतात, आणि रात्री तर ती रोजच काढायची असते. माझा चष्मा आता त्या वेळेपुरता उरला आहे. बागेत जाताना मी तो सोबत नेतो, पण पिशवीत.