टीएमआरएस पेन्शन: सिटीचा रेट दरवर्षी हलतो, आणि मला तेच आवडतं

टेक्सासमधे सिटीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. बजेटचा सीझन आला की दरवर्षी तोच प्रश्न, "अगं आपले पगारातून ७ टक्के कापतात ते तर तेवढेच आहेत, मग सिटीचा रेट कसा काय वाढला, कोणी पैसे खाल्ले का?" नाही खाल्ले. (सिटीचा रेट म्हणजे आपल्या पेन्शनसाठी सिटी पगारबिलाच्या जेवढे टक्के भरते ते.) म्हणून टेक्सास म्युनिसिपल रिटायरमेंट सिस्टिम उर्फ टीएमआरएसचा हा रिव्ह्यू, मी मेंबर पण आहे आणि सिटीच्या बजेटचं काम पण करते.

स्कीम थोडक्यात. १९४७ साली राज्याने कायदा करून काढलेली, आज ९०० च्या वर सिटीज आहेत. पैसे एकत्र गुंतवतात पण प्रत्येक सिटीचा हिशोब स्वतंत्र. पगारातून किती टक्के कापायचे, सिटीचं मॅचिंग (आपल्या पैशावर सिटीची भर) एकपट, दीडपट का दुप्पट, हे सिटी ठरवते. त्यामुळे शेजारच्या सिटीचा रेट बघून आपल्या सिटीवर चिडण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज मॅचिंगचा. लोकांना वाटतं दुप्पट म्हणजे सिटी दर महिन्याला १४ टक्के भरते. तसं नसतं. मॅचिंग रिटायर होताना लागतं, म्हणजे तेव्हा खात्यात तुमचे व्याजासकट १ लाख डॉलर असतील तर सिटीचे आणखी २ लाख धरून पेन्शन काढतात, आणि मधेच सोडून पैसे काढून घेतले तर फक्त आपले पैसे आणि व्याज मिळतं, सिटीचा वाटा जातो. मग सिटीने आज किती भरायचं? किती जण टिकतील, पगार किती वाढतील, रिटायर झाल्यावर किती वर्षं जगतील, गुंतवणुकीवर किती मिळेल, याचा अंदाज बांधून अ‍ॅक्चुअरी (पेन्शनचा हिशोब मांडणारे गणिती) तो आकडा काढतात. आणि अंदाज आहे म्हटल्यावर दरवर्षी प्रत्यक्षाशी ताडून बघायलाच लागतो ना. ३१ डिसेंबरला हिशोब करतात आणि रेट त्याच्या पुढचं अख्खं वर्ष सोडून लागू होतो, म्हणजे २०२३ अखेरच्या हिशोबावरून २०२५ चा रेट.

आता मला जे मनापासून आवडतं ते. प्रत्येक सिटीच्या रिपोर्टमधे एक तक्ता असतो, मागच्या वर्षीचा रेट वर, नवीन खाली, आणि मधे कशामुळे किती फरक पडला ते ओळीओळीने. फायदे बदलले का, गुंतवणुकीचं काय झालं, पेरोल (सिटीचं एकूण पगारबिल) किती वाढलं वगैरे. दुसऱ्या कुठल्या सरकारी बिलावर एवढं लिहून येतं सांगा!

गुंतवणुकीच्या ओळीत ६.७५ टक्के परतावा धरलेला असतो (२०१५ मधे ७ वरून खाली आणला, तेव्हाही सिटीजवर बोजा आला पण माझ्या मते बरोबरच केलं). त्यापेक्षा कमी-जास्त झालं की ते १० वर्षांत थोडं थोडं मुरवतात, म्हणून २०२२ सारख्या पडलेल्या वर्षाचा फटका एकदम नाही बसत पण नंतर कितीतरी वर्षं त्या ओळीत दिसत राहतो. लोक विचारतात यंदा मार्केट एवढं वर आहे मग रेट का नाही उतरला, त्याचं उत्तर हे.

पेरोलची ओळ तर कोणी बघतच नाही. रेट म्हणजे पगारबिलाचे टक्के. समजा जुनी तूट (कबूल केलेल्या पेन्शनपुढे कमी पडलेले पैसे) फेडायला वर्षाला ३ लाख लागतात आणि पगारबिल ६० लाख आहे, तर ५ टक्के झाले. भरती थांबवून पगारबिल ५० लाखांवर आणलं की तेच ६ टक्के. एक पैशाचा फायदा न वाढवता रेट वाढला! उलट पगार अंदाजापेक्षा जोरात वाढले की पुढच्या पेन्शनी पण वाढतात, म्हणजे ते पण फुकट नाही. लहान सिटीत तर दोन जुनी माणसं एकदम रिटायर झाली तरी आकडा हलतो.

आणि कोला, म्हणजे पेन्शनरांची महागाईवाढ. सिटी महागाईच्या ३०, ५० किंवा ७० टक्के देऊ शकते, पण नेहमीच्या पद्धतीत हिशोब रिटायर झाल्या दिवसापासूनचा धरतात, त्यामुळे बरीच वर्षं दिली नाही आणि मग एकदम दिली की मागचं सगळं भरून द्यायला लागतं. एका कौन्सिलमधे हे न विचारता फक्त "टक्का किती" एवढ्यावरच चर्चा संपताना मी बघितलंय, वाईट वाटलं, कारण पेन्शनर मागे बसून ऐकत होते.

रेट फिक्स का नाही ठेवत म्हणणाऱ्यांनी डॅलसच्या पोलीस-फायर पेन्शनचं बघावं, तो फंड टीएमआरएसमधे नाही. तिथे सिटीचा वाटा हिशोबाप्रमाणे दरवर्षी हलत नव्हता, फायदे भारी, गुंतवणूक फसली, आणि २०१६ मधे लोकांनी करोडो डॉलर काढायला सुरुवात केल्यावर डिसेंबरमधे बोर्डाला एकरकमी पैसे देणं थांबवायला लागलं. २०१७ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांचा हप्ता १३.५ टक्क्यांवर गेला आणि फायदे पण कापले. त्यापेक्षा दरवर्षी अर्धा-पाव टक्का हललेलं शंभर पटीने परवडलं.

खटकतं ते एवढंच की रेट जानेवारीपासून आणि बहुतेक सिटीजचं बजेट ऑक्टोबरपासून, त्यामुळे एका बजेटमधे तीन महिने जुना रेट, नऊ महिने नवीन, आणि ते समजावताना घसा सुकतो. त्याचा एक स्टार कापला. पाचपैकी चार. तुमच्या सिटीचा तो तक्ता मागून घ्या, आणि आधी पेरोलची ओळ वाचा.