सहा महिने, ३,४०० किलोमीटर आणि माझे दोन अंगठे

हे लिहायला मी डिसेंबरातच घेतलं होतं. तेव्हा मथळा होता ‘हे टायर घेऊ नका’. आता मार्च उजाडला, सायकलला टायर तेच आहेत, मथळा मात्र बदलला. राग गेलेला नाही, फक्त टायरवरून दुसरीकडे सरकलाय.

टायर कुठला ते आधी. ७०० बाय २८ (२८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी), तारेच्या कडेचा, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या कडेत ताठ तार असलेला, आत काटे अडवणारा पंक्चर-पट्टा. परदेशी आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण टाकलं की लोक ब्रँडवरून भांडतात आणि टायर राहतो बाजूला. जोडी ४,९०० ला पडली. हाच टायर फोल्डिंगमध्ये, म्हणजे कडेत तार नसलेला, घेतला असता तर जोडीमागे चौदाशे जास्त. वजन थोडं कमी आणि घडी घालता येते, यासाठी चौदाशे! मी काय तो कपाटात ठेवणार आहे? घेतला तारेचा.

घ्यायची वेळ का आली, तर मागच्या हिवाळ्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी अकरा पंक्चर. नाशिकला सातपूरमध्ये एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे प्रत्येक पंक्चरचं कारण डायरीत लिहायची खोड आहे. पाच सराटे, तीन बाभळीचे काटे, दोन बारीक तारा, एक ‘कारण सापडले नाही’. पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. ओल्या रबरात काच पटकन घुसते, पाणी वंगणाचं काम करतं. पण आपल्याकडचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा. सराट्याचा वेल वाळतो आणि त्याची शिंगंवाली फळं रस्त्याच्या कडेला पसरतात, कशीही पडली तरी एक काटा वर. शेतकरी वेडी बाभूळ तोडून कुंपणासाठी ओढत नेतात, त्याचे काटे डांबरावर गळतात. आणि मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या चिंध्या असतात, त्यातल्या केसाएवढ्या तारा दिसत नाहीत, फक्त लागतात.

नेटवर ‘विंटर टायर’ शोधलं तर पहिल्यांदा आले खिळ्यांचे. श्वाल्बेचा मॅरेथॉन विंटर वगैरे, रबरात टंगस्टन कार्बाइडचे खिळे, गोठलेल्या रस्त्यावर पकड धरायला. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर येतो हे खरं, पण म्हणून काही गंगापूर रोडवर बर्फ साचत नाही. दुसरा प्रकार मऊ रबराचा, शून्याच्या आसपास कडक पडू नये म्हणून केलेला. आपल्याकडे पहाटे ९ आणि दुपारी २९. तो टायर दुपारी खोडरबरासारखा झिजला असता.

कामाचा निघाला तो इंग्लंडातल्या रोडबाइकवाल्यांचा हिवाळी टायर. तिथले शेतकरी पीक निघाल्यावर बांधावरची काटेरी कुंपणं छाटतात, काटे रस्त्यावर येतात, पावसाने खडी वाहून येते. म्हणून ते हिवाळ्यापुरता जाड पट्ट्याचा, जरा रुंद टायर चढवतात. हे वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर आपला मखमलाबाद रस्ता!

तर सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी गच्चीत बसून टायर चढवायला घेतला. आता जे सांगतो तो या टायरचा एकमेव मोठा दोष आहे, आणि तो मी सविस्तर सांगणार आहे. टायर रिमवर चढत नाही. म्हणजे चढतो, सगळीकडून चढतो, आणि शेवटची वीतभर कड बाहेर राहते. ती आत ढकलली की दुसऱ्या बाजूने तेवढीच बाहेर येते. टायरची कड उचकटायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर मोडले. अंगठ्यांची कातडी सोलली. खालून दोनदा हाक आली, “अहो, जेवण गार होतंय.” शेवटी तिसरा लिव्हर घातला, कड एकदाची खट्‌कन आत गेली, मी हवा भरली आणि ‘सूंऽऽ’. लिव्हरने नवी ट्यूब चिमटली होती. एक मीटरही न चाललेल्या चाकाला पंक्चर. डायरीत कारणाच्या रकान्यात मी स्वतःचं नाव लिहिलं. जेवलो पावणेचारला.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात चालवून बघितला. पांढऱ्या पट्ट्यांवर जपून वळावं लागतं, बाकी ठीक. नक्षी नाही म्हणून घसरेल हा गैरसमज मात्र काढून टाका. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की पाण्यावर तरंगण्याचा प्रश्नच येत नाही, नक्षी असो नसो. पकड रबराची असते.

पण चालवायला टायर लाकडी लागत होता. कुंभाच्या कामांसाठी शहरात खणाखणी चालू, त्या बुजवलेल्या चरांवरून गेलं की दाढा वाजायच्या. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, एकेक ४१५ ग्रॅम. जुने २७०. डिसेंबरातल्या त्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘बैलगाडीची धाव सायकलला लावल्यासारखं वाटतं.’ ते वाक्य मागे घेतो. चूक माझी होती, मी हवा ११० पीएसआय दाबाने भरत होतो. जुन्या २३च्या टायरला भरायचो म्हणून. शिवाय टायरवर छापलेला आकडा भरायचा असतो असा समज. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, शिफारशीचा नाही. माझं वजन ७१ किलो. आता मागे ८०, पुढे ७२ ठेवतो आणि टायर वेगळाच झाला. खडबडीत रस्त्यावर वेगही कमी होत नाही, कारण उडण्यात वाया जाणारी ताकद वाचते. थंडीत एवढंच बघा की दुपारी भरलेली हवा पहाटे कमी दाखवते. १५ अंशांनी पारा उतरला की ११० मधले सहाएक सरळ जातात, ट्यूब ठणठणीत असली तरी. मी महिनाभर ‘स्लो पंक्चर’ शोधत होतो. बादलीत बुडवून!

नोव्हेंबर पूर्ण गेला, पंक्चर शून्य. सराटे रुतलेले दिसायचे, नखाने उपटून टाकायचे, पुढे निघायचं. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पुरी केली तेव्हापासून इथे रोडबाइक आणि सल्ले दोन्ही मुबलक आहेत. एक-दोघांनी मला ‘जड टायर लावलेस’ म्हणून हसून घेतलं होतं, त्यांचे पंक्चर मी उभा राहून बघितले. मदतही केली. सावकाश केली.

मग डिसेंबर. पहाटे पावणेसात, गिरणारेच्या अलीकडे, घड्याळात ९ अंश, आणि मागचं चाक बसलं. तार. ट्रक टायरचीच, सेंटिमीटरभर, पट्ट्यातून आरपार. तारेपुढे कुठलाच पट्टा फार टिकत नाही, तक्रार नाही. ट्यूब बदलायला पाच मिनिटं लागली. टायर परत चढवायला घेतला आणि ती वीतभर कड पुन्हा समोर. अंगठे गारठलेले, त्यांना काही कळेना. बाजूच्या द्राक्षबागेत थंडीसाठी शेकोट्या पेटवल्या होत्या. तिथून एक शेतकरी आले.

“काय झालं भाऊ, चेन पडली का?”

“पंक्चर झालंय.”

“मग काढा की.”

“काढलं. टायर बसत नाही.”

त्यांनी हात लावून बघितला. म्हणाले, “लईच ताठ दिसतो. आना, जरा शेकवू, नरम पडंल.” आम्ही दोघं चाक शेकोटीजवळ धरून बसलो. नरम पडलो तो मीच. आतल्या तारेला काय फरक पडणार? अर्ध्या तासाने त्यांनी चहा पाजला आणि शहराकडे निघालेल्या एका छोट्या हत्तीला हात केला. टोमॅटोच्या क्रेटवर सायकल आडवी घालून मी नाशकात परत आलो. सहा महिन्यांत रस्त्यावर झालेलं एकमेव पंक्चर, आणि त्यात सकाळ गेली. त्याच संध्याकाळी तो मथळा लिहिला.

दुसऱ्या दिवशी पंचवटीत मखमलाबाद नाक्यापुढच्या एका टपरीवर गेलो. चाचांनी असला टायर बघितला नव्हता, ट्यूबचा बारीक फ्रेंच वाल्वही हातात घेऊन उलटसुलट केला. पण टायर त्यांनी नुसत्या हातांनी चढवला. चार मिनिटं. चाळीस रुपये.

मी म्हटलं, पुन्हा उतरवा, पुन्हा चढवून दाखवा, अजून चाळीस देतो. त्यांनी दाखवलं. “तुम्ही वाल्वच्या समोर संपवता, म्हणून अडकतं. वाल्वजवळ संपवा.” रिमचा तळ सपाट नसतो, मधोमध खोल नाळ असते. कडेची तार ताणत नाही, पण ती त्या खोल नाळेत उतरवली की समोरच्या बाजूला बोट-दीड बोट ढील मिळते. वाल्वजवळ ट्यूबचा जाड बुंधा आडवा येतो, तिथे कड खाली उतरतच नाही. म्हणून सुरुवात वाल्वच्या समोरून करायची, दोन्ही हातांनी कड चिमटत, नाळेत ढकलत खाली यायचं, शेवट वाल्ववर. मग वाल्व एकदा आत दाबायचा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकलेली असेल तर सुटते. लिव्हर लागतच नाही. मी घरी येऊन तीनदा केलं. आता नऊ मिनिटं लागतात.

तर राग टायरवरून उठून खोक्यावर जाऊन बसला. त्या खोक्यावर सहा भाषांत ‘तज्ज्ञाकडून बसवून घ्या’ लिहिलंय. त्याच जागेत ‘शेवट वाल्ववर करा’ एवढं लिहिता आलं नसतं? माझे दोन लिव्हर, एक ट्यूब आणि एक रविवार वाचला असता.

जानेवारीत पेठ रोडला डांबराच्या तुटक्या कडेवर चाक घसरलं आणि मागच्या टायरची भिंत फाटली. व्हर्नियरने मोजली, ९ मिलिमीटर. पट्टा फक्त रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली असतो, भिंत पातळच, हे मला माहीत होतं. तरी दुकानात जाऊन भांडलो. “साइडवॉल वॉरंटीत येत नाही सर.” मी आवाज चढवला, मग पावतीमागचा बारीक मजकूर वाचला. येत नाही. तिथून गुपचूप निघालो. रस्त्यात फाटलं तेव्हा आतून दहाची नोट चौघडी करून लावली होती. म्हटलं, घरी जाऊन नीट काहीतरी करू. त्यानंतर १,१०० किलोमीटर झाले, नोट आतच आहे. भिंत थोडी फुगलेली दिसते, म्हणून घाटात उतरत नाही, एवढंच पथ्य. तुम्ही असं करू नका, फाटलेला टायर बदलायचा असतो.

घिसाई अशी: मागच्या टायरला मधोमध ११ मिलिमीटरची सपाट पट्टी पडलीय, पुढचा जवळजवळ नवा. मागचं चाक वजनही घेतं आणि ओढतंही, म्हणून तो लवकर जातो. पावसाआधी पुढचा टायर मागे जाईल आणि नवा पुढे येईल. जुना घासलेला पुढे लावून पैसे वाचवू नका, पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही. एवढ्या बाबतीत मीही खर्च करतो.

नवा एकच घ्यायचाय. फोल्डिंगचे सातशे जास्त. बायको म्हणाली, “घ्या की या वेळी, अंगठे वाचतील.” नाही. तारेचाच घेतोय, चाचांची युक्ती दोन्हींना सारखीच चालते. मागचा उतरवला की आतली दहाची नोट मात्र आठवणीने काढून घ्यायची आहे.