सेन्सर कुणाचा घेऊ? वही, वर्गणी की घरची जोडणी

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पॅनेल आणि वायरिंगची कामं करत फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मशीन ऑनलाईन करायच्या म्हणतोय, सेन्सर कुणाचा घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा स्वतः मशीनवर उभा राहून वर आलेला माणूस असतो. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करून द्यायचं, दोन पाळ्या, आठ-दहा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या लेथ), तीन-चार व्हीएमसी (तशीच उभी मिलिंग मशीन) आणि हवेचा एक स्क्रू कॉम्प्रेसर. मोठ्या गिऱ्हाईकाचा ऑडिटर येतो, "लाईव्ह डेटा आहे का?" विचारतो आणि मालकाच्या डोक्यात विचारचक्र सुरू होतं.

"इंटरनेट ऑफ थिंग्ज" म्हणजे आयओटी, हे नाव १९९९ साली केविन अ‍ॅश्टन यांनी दिलं. छोट्या कारखान्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की मशीन चालू आहे का, किती वीज घेतेय, किती नग काढले, हे तिनं स्वतः कळवायचं. ही माहिती मिळवायच्या तीन वाटा मी जवळून पाहिल्या आहेत. पहिली नीट लिहिलेली वही, दुसरी दरमहा पैसे भरून घेतलेला तयार डॅशबोर्ड आणि तिसरी आपल्याच माणसाकडून करून घेतलेली घरची जोडणी.

वही

वहीला कमी लेखू नका. पण ती कशी भरली जाते हे आधी बघा. एका शॉपमधलं ब्रेकडाउन रजिस्टर मी चाळत होतो. महिनाभराच्या सगळ्या नोंदी अर्ध्या तासाच्या पटीत, एकाच शाईत, एकाच हातानं लिहिलेल्या. अर्धा तास, एक तास, अर्धा तास. मशीन काही घड्याळ बघून बंद पडत नाही. पाळी संपताना सुपरवायझरनं आठवून लिहिलेलं ते होतं. दहा-बारा मिनिटांचे थांबे त्यात येतच नाहीत, आणि दिवसाचा मोठा वेळ नेमका तिथंच जातो.

हे थांबे का महागात पडतात ते ओईईच्या, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती झाला त्याच्या हिशेबात दिसतं. मशीन ९० टक्के वेळ चालली, ९० टक्के वेगानं चालली आणि ९० टक्के माल पास झाला, तर ऐकायला सगळं छान वाटतं. गुणाकार केला की उरतात ७३ टक्के.

तरीही वहीत एक गोष्ट मिळते जी कुठलाच सेन्सर देत नाही, ती म्हणजे कारण. "इन्सर्ट (कटिंगची पाती) संपले", "कास्टिंग आलं नाही", "क्रेन मोकळी नव्हती", "ड्रॉइंगचा घोळ". मशीन कधी थांबली ते सीटी (वायरमधला करंट मोजणारा सेन्सर) सांगेल, का थांबली ते माणूसच सांगणार. म्हणून पुढे कुठलीही वाट धरलीत तरी कारणं लिहायची शिस्त आधी लावा. सात-आठ कारणांना नंबर द्या, मशीनशेजारी कागद लटकवा आणि थांब्याच्या वेळीच टिकमार्क करायला सांगा. महिनाभर हे जमलं नाही, तर डॅशबोर्डवरही "कारण नमूद नाही" एवढंच दिसत राहील.

वर्गणीचा डॅशबोर्ड

यात कंपनीचा माणूस येतो, वायरभोवती चिमट्यासारखे सीटी बसवतो, माहिती इंटरनेटवर पाठवणारा एक गेटवे डबा भिंतीवर लावतो आणि एक-दोन दिवसांत मोबाईलवर हिरव्या-लाल पट्ट्या दिसायला लागतात. पैसे दर मशीनमागे दरमहा. सर्व्हर, बॅकअप, अ‍ॅप यांची काळजी त्यांची. घरात इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार नसेल तर ही सोय मोठी आहे, आणि ऑडिटरला दाखवायलाही नीटस अहवाल मिळतो. मशीनचा कंट्रोलर बऱ्यापैकी नवा असून त्याला इथरनेट पोर्ट असेल, तर प्रोग्रॅम नंबर, नगसंख्या, अलार्म हे थेट कंट्रोलरमधून वाचता येतं. जुन्या मशीनवर मात्र करंटवरून अंदाजच बांधावा लागतो.

त्या अंदाजात मी स्वतः फसलो आहे. एका शॉपमध्ये सीटी प्रत्येक मशीनच्या मेन इनकमरवर, म्हणजे वीज आत येते त्या मुख्य वायरवर बसवले होते. चहाच्या सुट्टीत शेड सुनसान, आणि डॅशबोर्डवर तीन मशीन "चालू". हायड्रॉलिक, कूलंट पंप आणि चिप कन्व्हेयर यांचा करंटच तेवढा होता की ठरवलेली मर्यादा तो सहज ओलांडत होता. चूक माझी होती. सीटी स्पिंडल ड्राइव्हच्या (कटिंगसाठी फिरणारा दांडा चालवणाऱ्या भागाच्या) वायरवर हलवले, प्रत्येक मशीनसमोर उभं राहून रिकामी असताना किती आणि कटिंगला किती ते लिहून घेतलं, मर्यादा वेगवेगळ्या लावल्या, तेव्हा कुठे आकडे खरे बोलायला लागले. हा अर्धा दिवस कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. तो मागून घ्या.

पुढची अडचण माणसांची, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर तीच. त्याच शॉपमध्ये मालकांनी शेडमध्ये टीव्ही लावला आणि ऑपरेटरांची नावं लाल-हिरव्या रंगात दाखवली. पंधरा दिवसांत "चालू" वेळ वाढला, डिस्पॅच होता तेवढाच राहिला. मुलं स्पिंडल हवेत फिरवत होती. त्यांना दोष देता येत नाही. नावापुढे लाल रंग बघून कुणालाही तेच सुचेल. नंतर नावं काढली, मशीन नंबर आणि थांब्याचं कारण एवढंच ठेवलं, आणि सकाळी दहा मिनिटं त्यावर बोलणं सुरू झालं. तेव्हा एका ऑपरेटरनंच दाखवून दिलं की दुसऱ्या पाळीचा पहिला तास रोज कास्टिंगची वाट बघण्यात जातो. दोष मशीनचा नव्हता, ऑपरेटरचाही नव्हता. ट्रॉलीचं वेळापत्रक बदललं.

वर्गणीतला तिसरा धोका परावलंबित्वाचा. गूगलसारख्या कंपनीनं मशीन इंटरनेटला जोडून देणारी आपली आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद केली. वर्षभर आधी कळवलं होतं, तरी त्यावर उभं केलेलं सगळं प्रत्येकाला हलवावं लागलंच. तेव्हा करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: सगळा कच्चा डेटा एक्सेलमध्ये उतरवता येईल, आणि वर्गणी थांबवली तर डबा दुसऱ्या सर्व्हरला जोडता येईल. दुसरीला बरेच जण नकार देतील. निदान आपण कशात शिरतोय ते कळेल.

घरची जोडणी

तुमच्या पॅनेलमधला डिजिटल एनर्जी मीटर काढून मागची बाजू बघा. पुष्कळदा तिथं आरएस-४८५ (माहिती बाहेर काढायची जोडणी) असं लिहिलेले टर्मिनल असतात, बसवल्यापासून कुणी हात न लावलेले. त्यावर मॉडबस चालतो. १९७९ सालची ही भाषा आजही जवळपास प्रत्येक मीटरला, ड्राइव्हला येते. चांगल्या केबलवर हजार मीटरपर्यंत सहज जाते, म्हणजे आपल्या शेडला भरपूर झाली. पुढे ईएसपी३२ सारखा काही शे रुपयांचा बोर्ड किंवा छोटा संगणक, त्यावर माहिती गोळा करून दाखवायला नोड-रेड आणि निरोप पोचवायला एमक्यूटीटी. सगळं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि डेटा आपल्याच ऑफिसात.

स्वस्त बोर्ड मात्र शेडमध्ये फार टिकत नाही. चांगला पॉवर सप्लाय हवा, बंद डबा हवा, सिग्नलची केबल ड्राइव्हच्या केबलपासून लांब आणि तिची शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली हवी. नाहीतर एप्रिलच्या उन्हात पॅनेल तापलं की बोर्ड अडकतो आणि कुणाला आठवडाभर कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं ज्या पोराच्या डोक्यात असतं तो उद्या पुण्याला नोकरी धरतो. पासवर्ड, वायरिंगचा नकाशा, प्रोग्रॅमची प्रत कपाटात नसेल तर तुमची जोडणी त्याच्यासोबत गेली असं समजा.

पैसे आधी कुठे सापडतात

या तिन्हींत निवड करण्याआधी कॉम्प्रेसरजवळ जा. रविवारी किंवा पाळी संपल्यावर सगळ्या मशीन बंद करा, हवेच्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि कॉम्प्रेसर चालू करा. हवा कुणीच वापरत नाही, तरी प्रेशर उतरेल आणि तो पुन्हा लोड घेईल, म्हणजे हवा भरायला लागेल; प्रेशर भरलं की अनलोड, म्हणजे नुसता फिरत राहील. मोबाईलच्या घड्याळावर लोडचा आणि अनलोडचा वेळ चार-पाच वेळा मोजा. समजा लोड दीड मिनिट, अनलोड साडेचार मिनिटं. एकूण सहातलं दीड म्हणजे २५ टक्के हवा गळतीत जातेय. कॉम्प्रेसर लोडवर १५ किलोवॅट आणि अनलोडवर ५ किलोवॅट घेत असेल, तर फरक १० चा, त्याचा पाव हिस्सा अडीच किलोवॅट. महिन्याला ५०० तास आणि युनिट ९ रुपये धरलं, तर सव्वा अकरा हजार रुपये. आकडे तुमचे तुम्ही घाला. एवढ्या पैशात एक माणूस साबणाचं पाणी घेऊन महिनाभर सांधे तपासत फिरू शकतो.

गळती एकदा बंद केली तरी सहा महिन्यांत पुन्हा सुरू होते, आणि सेन्सरची खरी गरज तिथं लागते. कॉम्प्रेसरच्या मीटरवरून रात्रीचा लोड रोज आपोआप नोंदला गेला, तर तो चढायला लागल्या दिवशी कळतं. विजेच्या बिलाचंही तसंच. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामी येणारा हिस्सा) घसरला की युनिटच वाढतात. पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या कपॅसिटर बँकेतला एक कपॅसिटर गेलेला महिनाअखेरीस बिलात कळण्याऐवजी त्याच दिवशी मोबाईलवर कळला, तर जोडणीचा खर्च झपाट्यानं वसूल होतो.

सुरक्षा

२०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून येतानाचे पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरच्या हल्ल्यात न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरामधल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. हल्ला आपल्यावर नसला तरी झळ लागते. मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं ठेवा, पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, आणि बाहेरून फक्त बघता यावं. बाहेरून मशीन चालू-बंद करायची सोय कुणी फुकट देत असला तरी घेऊ नका.

माझा कौल

दहा-बारा मशीनच्या शॉपला मी असं सांगतो. पहिला महिना वही आणि कॉम्प्रेसरची तपासणी. मग कॉम्प्रेसर, कपॅसिटर पॅनेल आणि शॉपचा मेन इनकमर यांचे मीटर घरच्या जोडणीनं, कारण हे काम सोपं आहे आणि फायदा रुपयांत दिसतो. मशीनसाठी मात्र वर्गणी घ्या, पण सगळ्यांवर नको. ज्या मशीनपुढे माल साचतो त्या दोन-तीन मशीनवर तीन महिने. या तीन महिन्यांत सकाळची दहा मिनिटं कुणी बसलंच नाही, तर वर्गणी बंद करा. बेअरिंगची कंपनं मोजणारे महागडे सेन्सर, जिच्या थांबण्यानं सगळी लाइन थांबते अशा मशीनलाच. नवी मशीन घेताना मात्र इथरनेट पोर्ट आणि एमटीकनेक्ट किंवा ओपीसी यूए (मशीनमधली माहिती वाचायच्या खुल्या भाषा) पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या, नंतर त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

विक्रेता डेमो द्यायला आला की तो तुमच्या नव्या कोऱ्या व्हीएमसीकडे वळेल. त्याला कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर न्या. सीटी बसले, पट्टी हिरवी झाली की राउटरचा प्लग काढा आणि वीस मिनिटं चहा प्या. प्लग परत लावल्यावर ती मधली वीस मिनिटं भरून आली का ते त्याच्यासोबत उभं राहून बघा. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा जाते, तेव्हा ही जागा रिकामी राहिली तर महिन्याच्या अहवालात ती तुमच्या ऑपरेटरच्या नावावर लागेल.